जर्मन शिकताना होणारे घोळ



2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून आपल्या पुणतांब्यातही नर्सिंग झालेल्या मुली जर्मनबद्दल विचारू लागल्या आहेत. तिकडे नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे बी-2 पातळीची भाषा लागते. मोठे शब्द पाठ होतात, अडतं ते बारक्या शब्दांपाशी. ते इंग्रजीतून शिकण्यापेक्षा मराठीतून समजून घेतले तर लवकर सुटतात, असा आमचा अनुभव आहे.

पहिली जोडी 'झाइट' आणि 'फोर'. पेशंट म्हणाला, 'झाइट द्राय टागेन' दुखतंय, तर तीन दिवसांपासून दुखतंय आणि अजून थांबलेलं नाही. 'फोर द्राय टागेन' म्हणजे तीन दिवसांपूर्वी. आपल्या 'पासून' आणि 'पूर्वी'इतकाच हा फरक. पण डॉक्टरांना उलटं सांगितलं, तर दुखणंच वेगळं समजलं जाईल.

दुसरं त्रिकूट 'वान', 'वेन', 'आल्स'. इंग्रजीत तिन्हींना एकच शब्द, म्हणून गोंधळ. आपण मात्र 'केव्हा' आणि 'जेव्हा' वेगळे ठेवतोच. प्रश्नातला 'केव्हा' म्हणजे वान. 'जेव्हा' आणि 'जर' यांना वेन. फक्त होऊन गेलेली, एकदाचीच गोष्ट असेल तर आल्स. 'मी लहान होते तेव्हा' याला आल्स. पण 'गोदावरीला पूर यायचा तेव्हा तेव्हा' याला वेनच, कारण ते पुन्हा पुन्हा घडलं.

तिसरा शब्द 'झी'. ती, ते सगळे आणि आदराचे तुम्ही, तिघांनाही झी! ओळखायचं क्रियापदावरून. 'झी कोम्ट' म्हणजे ती येते. 'झी कोमेन' म्हणजे ते येतात किंवा तुम्ही येता. यातला आदराचा झी लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढतात. आपण आजीला मायेने 'अगं' म्हणतो, तिथल्या अनोळखी आजींना मात्र 'दू' म्हणजे 'तू' म्हणायचं नाही. झीच म्हणायचं.

चौथा 'दास'. ऐकायला एकच, लिहायला दोन. शेवटी एक 'एस' असेल तर 'ते', दोन असतील तर 'की'. 'मला माहीत आहे की तो झोपला आहे' यातला 'की' दोन 'एस'चा. त्याच्यापुढच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, अगदी मराठीसारखं.

आणि घड्याळाचं विसरू नका. 'हाल्प द्राय' शब्दशः अर्धे तीन, पण वेळ अडीचची, साडेतीनची नव्हे. औषधाची वेळ तासाभराने चुकायला एवढंच पुरतं.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नका. आपला सूर्य तो, त्यांचा सूर्य ती. नाम पाठ कराल तेव्हा 'देअर, दी, दास' त्याच्यासोबतच पाठ करा.

आज रात्री भाकरी थापता थापता 'पासून'चं एक आणि 'पूर्वी'चं एक वाक्य मोठ्याने म्हणून बघा. चुकलं तर चुकू द्या. घरात चुकलेलं वाक्य दवाखान्यात चुकत नाही.