उड्डाणाची बाराखडी (७) : इंजिन गप्प झालं तर

इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी चिंकारा आणि लांडगे बघत हिंडणाऱ्यांना तिथल्या माळरानामुळे ठाऊक आहे. २५ जुलै २०२२ला ते वेगळ्याच कारणाने बातम्यांत आलं. बारामतीहून निघालेलं सेसना १५२ जातीचं दोन आसनी विमान तिथल्या शेतात कोसळलं. आत २२ वर्षांची शिकाऊ वैमानिक होती, एकटीच. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातले १०० तास विमानाची सूत्रं पूर्णपणे स्वतःकडे असावी लागतात, म्हणून ही एकट्याची उड्डाणं. इंजिनाची ताकद गेली, असं प्राथमिक माहितीत सांगितलं गेलं. तिला दुखापत झाली ती किरकोळ.

‘कोसळलं’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, मीही आत्ताच वापरला. पण इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. उचल देतो तो पंख, आणि पंखाला हवं असतं अंगावरून वाहणारं वारं. ते इंजिन मिळवून देतं, तसाच उतारही देतो. पायडल न मारता सायकल घाट उतरते, तसं नाक जरा खाली करून विमान उंची खर्चून वेग राखतं. सेसना १५२ ताशी साधारण ११० किलोमीटर वेगाने असं तरंगत आलं, तर हजार फुटांमागे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास जातं. हाताशी वेळ असतो दीडेक मिनिट.

तेवढ्यात आधी वेग साधायचा, मग शेत निवडायचं. त्यानंतर सवड उरली तर इंधन आणि ठिणगी देणारे मॅग्नेटो तपासायचे आणि कार्ब्युरेटर हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी कळ, ओढायची. ही शेवटची गोष्ट आपल्या हवेत थट्टेची वाटते. पण माठातलं पाणी ज्या न्यायाने गार होतं, त्याच न्यायाने कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

खरा घात मात्र बहुतेकदा इंजिन करत नाही. मागे दिसणारी धावपट्टी करते. उड्डाण होऊन पाचेकशे फुटांवर इंजिन गेलं, की मन म्हणतं, वळ आणि परत जा. हिशेब तिथेच चुकतो. अर्धं वर्तुळ पुरत नाही, कारण वळून होईतो विमान धावपट्टीच्या बाजूला सरकलेलं असतं. आणखी वळून पुन्हा रेषेत यावं लागतं. शिवाय वळताना उचलीचा काही भाग आडवा खर्च होतो. पंख ४५ अंश कलवून उंची टिकवायची म्हटली, तर ज्या वेगाखाली पंख दगा देतो तो वेगच जवळपास १९ टक्क्यांनी वाढतो. जमीन जवळ आली, की हात आपसूक दांडा मागे ओढतो, नाक वर जातं आणि पंखाचा हवेशी असलेला कोन पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला की पंखावरचा प्रवाह तुटतो. हाच स्टॉल. त्यात एक पंख आधी गेला, तर विमान गिरक्या घेऊ लागतं. सावरायला उंची लागते आणि नेमकी तीच नसते.

म्हणून इन्स्ट्रक्टर मधेच थ्रॉटल मागे घेऊन विचारतात, “इंजिन गेलं. कुठे उतरशील?” उत्तर समोरचं, फार तर थोडं डावं-उजवं रान. माझ्या मते या शिक्षणातली सगळ्यात अवघड गोष्ट ही: चांगली धावपट्टी मागेच असताना तिच्यावर पाणी सोडायचं.

शेत निवडतानाही डोळा फसतो. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. नांगरटीत उतरावं लागलंच, तर तासांना समांतर. आणि चाकं टेकायच्या आधी इंधन आणि मॅग्नेटो बंद करून दाराची कडी काढून ठेवायची, कारण चौकट वाकली की दार आतून उघडत नाही.