नाचणीची आंबील

आंबील हा नाचणीचे पीठ आंबवून व शिजवून, ते निवल्यावर त्यात ताक मिसळून केला जाणारा पातळ, आंबटसर खाद्यपदार्थ आहे. चिरलेली काकडी, कांदा व कोथिंबीर घालून ती थंडच वाढतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगराळ पश्चिम भागात, भुदरगड तालुक्यातील गारगोटीच्या परिसरातही, उन्हाळ्यात आंबील केली जाते. तहान आणि भूक ही दोन्ही एकाच भांड्यात भागत असल्याने कष्टकरी वर्गात तिला विशेष स्थान आहे.

नाव व प्रसार

‘आंबील’ हा शब्द संस्कृत ‘अम्ल’ (आंबट) या शब्दापासून प्राकृत ‘अंबिल’ या रूपाद्वारे आला आहे. कर्नाटकात या पदार्थाला ‘अंबली’ म्हणतात, तर तमिळनाडूत ‘कूळ’ हा त्याच जातीचा पदार्थ आहे. थंड वाढल्या जाणाऱ्या सारांची परंपरा इतरत्रही आढळते. स्पेनमधील ‘गास्पाचो’ कच्चे टोमॅटो व काकडी वाटून करतात, तर बल्गेरियातील ‘ताराटोर’ दही, काकडी व लसूण यांपासून करतात. या दोहोंना चूल लागत नाही. आंबिलीचा आधार मात्र शिजवलेले धान्य हा आहे.

धान्य

गारगोटी हे वेदगंगा नदीकाठचे, भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. खोऱ्यातील सपाट जमिनीत भात व ऊस, तर डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत नाचणी पिकते. खरिपात पेरलेली नाचणी पावसाळ्यानंतर काढणीस येते. तिला कीड सहसा लागत नाही, त्यामुळे हे धान्य पुढील उन्हाळ्यापर्यंत सहज टिकते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ व गहू यांच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी अधिक आहे.

साहित्य (चार जणांसाठी)

नाचणीचे पीठ अर्धी वाटी, पाणी ४ वाट्या, ताजे ताक २ वाट्या, आंबवण्यासाठी आणखी २ चमचे ताक, एक लहान काकडी, एक लहान कांदा, ३–४ लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, जिरेपूड, कोथिंबीर व मीठ.

कृती

१. रात्री पीठ एक वाटी पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवतात. त्यात २ चमचे ताक घालून भांडे झाकून ठेवतात. उन्हाळ्यात ८ ते १० तासांत ते आंबते.

२. सकाळी उरलेले ३ वाट्या पाणी उकळतात. त्यात आंबवलेले पीठ बारीक धारेने ओतून सतत ढवळतात व मंद आचेवर सुमारे १० मिनिटे शिजवतात. कच्चा वास जाऊन मिश्रणावर चकाकी आली, की ते शिजले असे समजतात.

३. मिश्रण पूर्ण निवू देतात. निवताना ते दाट होते.

४. नंतर घुसळलेले ताक, मीठ, जिरेपूड आणि ठेचलेले लसूण व मिरची मिसळतात.

५. काकडी व कांदा वाढण्याच्या वेळीच घालतात. आधी घातल्यास मिठामुळे काकडीला पाणी सुटते.

कृतीमागील कारणे

ताक शेवटी घालण्यामागे निश्चित कारण आहे. गरम मिश्रणात ताक फाटते आणि त्यातील उपयुक्त जिवाणू मरतात. आंबवताना लॅक्टिक आम्ल तयार होते. त्यामुळे आंबटपणा येतो आणि अनेक अपायकारक जिवाणूंच्या वाढीस अडथळा होतो. नाचणीतील फायटिक आम्ल खनिजांच्या शोषणात अडसर आणते. आंबवण्याने त्याचे प्रमाण घटते. घामावाटे गेलेले पाणी व मीठ आंबिलीतून काही प्रमाणात परत मिळते आणि पिठामुळे पोटाला आधार राहतो.

घ्यावयाची काळजी

आंबट पदार्थ नासत नाही, ही समजूत चुकीची आहे. शिजवलेले, पण ताक न घातलेले पीठ उकाड्यात लवकर बिघडते. म्हणून ते निवताच ताक मिसळावे आणि आंबील त्याच दिवशी संपवावी. दुर्गंध, बुरशी किंवा तार सुटल्यास ती टाकून द्यावी. थंडाव्यासाठी ती मातीच्या भांड्यात ठेवतात; बर्फ घालायचा झाल्यास तो पिण्यायोग्य पाण्याचाच असावा. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ बेताने घालावे. आंबील हा उष्माघातावरील उपचार नव्हे. अंग तापून रुग्ण असंबद्ध बोलू लागल्यास किंवा शुद्ध हरपल्यास त्याला तोंडावाटे काहीही न पाजता, अंग थंड करीत तातडीने रुग्णालयात न्यावे.

सांस्कृतिक संदर्भ

आंबील केवळ उन्हाळ्यापुरती मर्यादित नाही. रेणुकादेवीच्या नैवेद्यात तिला मान आहे. कोल्हापुरातील ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात मार्गशीर्ष महिन्यात भरणारी यात्रा ‘आंबील यात्रा’ म्हणूनच ओळखली जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यानंतर नाचणीकडे शहरी ग्राहकांचे लक्ष नव्याने वेधले गेले; डोंगरी भागातील स्वयंपाकघरांत मात्र ती पूर्वीपासूनच नित्याच्या आहारात आहे.