कचारगडची शिळा

ख्रिस्ती लोकांचा ईस्टर सण आपल्यापैकी पुष्कळांस गुड फ्रायडेच्या सुटीपुरताच ठाऊक असतो. वस्तुतः तो चंद्रावर चालणारा सण आहे. वसंतसंपाताच्या सुमाराच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार, असा त्याचा निर्णय. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पुढेमागे सरकतो. कॅथॉलिक देशांत आदल्या रात्री देवळातील सारे दिवे मालवून बाहेर नवा अग्नी सिद्ध करतात व त्यावरून एक मोठी मेणबत्ती पेटवून तिची ज्योत हातोहात सर्वांस देतात. पोलंडात तर सोमवारी एकमेकांवर पाणी उडविण्याची चाल आहे. आपणांस रंगपंचमीच आठवावी! या साऱ्या उत्सवाच्या मुळाशी प्रसंग आहे तो एका गुहेचा. खडकात कोरलेल्या थडग्याच्या तोंडावरील धोंड दूर झाली व येशू पुन्हा उठला, ही ती श्रद्धा होय.

गुहा आणि तिच्या मुखावरील शिळा यांभोवतीच उभा राहिलेला एक मोठा उत्सव महाराष्ट्रातही आहे, हे मात्र आपणांपैकी थोड्यांस माहीत असेल. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनापासून जवळच, धनेगावच्या अरण्यात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथे गोंड समाजाची यात्रा भरते.

कथा अशी सांगतात. माता कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली व दारावर अजस्र शिळा बसली. जंगो रायताड हिने या मुलांची माया केलेली. पारी कुपार लिंगो याच्या योजनेने हिरासुका पाटालीर नामक वादकाने किंगरी वाजविली. त्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ संचरले आणि शिळा हलली. मुले मुक्त झाली. परंतु हिरासुका त्याच शिळेखाली चिरडला गेला. पुढे लिंगोने या मुलांस शिष्य करून गोत्रव्यवस्था व धर्म शिकविला. ईस्टरच्या कथेत मेलेला उठतो. येथे जिवंत बाहेर येतात आणि सोडविणारा मरतो. साम्य दिसले की कोणी कोणाचे उचलले याचा शोध घेण्याची आपल्या पंडितांस मोठी हौस. येथे ती आवरावी हे बरे.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे दीर्घ गीत टिपून ठेविले होते. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यात मुलांस कोंडणारे साक्षात महादेव आहेत! आपल्या घरांतील भोळ्या शंभूस हे रूप परके वाटेल. पण कथा ज्यांची, तिचा अर्थ लावण्याचा पहिला अधिकारही त्यांचाच. डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी धर्मकथांवर विपुल लेखन केले व या यात्रेस आजचे रूप देण्यात पुढाकार घेतला, तो याच अधिकाराने.

यात्रेत पिवळे फेटे, पिवळी लुगडी व सप्तरंगी ध्वज दिसतात. भेटताच ‘जय सेवा’ म्हणतात. मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून माणसे येतात. त्यांतील कित्येकांच्या घरी आता हिंदी, मराठी वा तेलुगूच बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषिक सुमारे तीस लाख भरले. गोंडांची एकूण संख्या याहून कितीतरी अधिक. शिवाय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गोंडीस अद्याप स्थान नाही. लिंगोची कथा पिढ्यान्‌पिढ्या जपली ती किंगरी व बाणा वाजविणाऱ्या परधानांनी, गोंडी बोलीत. घरातील मुलास ती बोली कळेनाशी झाली, तर गुहेच्या दाराशी उभे राहूनही शिळा का हलली हे त्यास दुसऱ्याच भाषेत सांगावे लागते.