लास्ट कितीला द्याल?

जुनी वस्तू विकायची म्हणजे मराठी मध्यमवर्गीय घरात थोडा कमीपणाच वाटायचा. कपडे बोहारणीला, पेपर रद्दीवाल्याला, टीव्ही गावाकडच्या चुलतभावाला आणि उरलेलं सगळं माळ्यावर. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तिथे फ्लॅट आणि गाड्याच दिसत. मिक्सरसाठी कोण एवढा खर्च करणार?

ही भीड मोडली ती ओएलएक्स आणि क्विकर या वेबसाइट्सनी. पहिलं २००६ मध्ये निघालं. दुसरं म्हणजे ईबेच्या किजिजीचा भारतीय अवतार, ज्याने २००८ मध्ये क्विकर हे नाव घेतलं. जाहिरात फुकट, फोटो मोबाइलवरून. टीव्हीवरच्या ‘बेच दे’ या जाहिरातीने तर माळे रिकामे करणं हे हुशारीचं लक्षण ठरवलं. हा बदल मला त्या कंपन्यांच्या भांडवलापेक्षा मोठा वाटतो. अर्थात २०१५ पर्यंत क्विकरचं मूल्यांकन एक अब्ज डॉलरवर गेलं होतं.

गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं. जाहिरात पडली की पाच मिनिटांत विचारणा: ‘लास्ट कितीला द्याल?’ वस्तू न बघताच! मग ‘संध्याकाळी येतो’ म्हणणारा कधीच यायचा नाही. तरी जो यायचा तो सोफा उलटा करून बघायचा, रोख मोजायचा, टेम्पोत घालून न्यायचा. समोरासमोरच्या या व्यवहारात फसायला फारसा वाव नव्हता.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पुढे काही वर्षांत पैसे न भेटता देता-घेता येऊ लागले. इथेच घोळ झाला. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय’ म्हणणारा गिऱ्हाईक भाव न करताच सोफा घ्यायला तयार व्हायचा आणि पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडायचा. तो स्कॅन करून पिन टाकला की विकणाऱ्याचंच खातं रिकामं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे बँका घसा कोरडा करून सांगत होत्या. पण जो घासाघीस करत नाही त्याच्याबद्दल संशय यावा, हे कोणाला सुचलं नाही. तपासात राजस्थान-हरियाणातल्या मेवात पट्ट्याचं नाव वारंवार निघालं. अशाच फसवणुकीला हाताशी आलेली, व्यक्ती-व्यक्तींमधल्या व्यवहारात समोरच्याकडे पैशांची मागणी धाडण्याची यूपीआयमधली सोय बंद व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला.

दरम्यान क्विकरचा आवाज क्षीण झाला. ओएलएक्सचा भारतातला धंदा २०२३ मध्ये मुंबईच्या कारट्रेडने ५३७ कोटींना घेतला, म्हणजे शेवटी मोल राहिलं ते जुन्या गाड्यांनाच. मिक्सर, पाळणे, अभ्यासाची टेबलं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली. तिथे ‘बी विंग, तिसरा मजला’ एवढी ओळख पुरते. अडचण एकच: रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकूंना ‘लास्ट कितीला’ विचारायचं कसं?