मोजून टाका, तपासून प्या



पाऊस सुरू झाला, की गावात दोन गोष्टी येतात. शेतात पेरणी येते आणि घरात हगवण-ओकारी येते. पेरणी आपल्याला हवी असते. दुसरी पाहुणी मात्र कोणालाच नको असते. तिला वेशीवरच अडवावे म्हणून विहिरीत पांढरी पावडर टाकतात. कोणी तिला ब्लीचिंग पावडर म्हणतात, कोणी टी.सी.एल. म्हणतात. आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांत ही पावडर सर्वांनी पाहिली आहे. पण ती किती टाकायची आणि कशी टाकायची? हे थोड्यांनाच ठाऊक असते. तेच आज सांगतो.

अर्धे पोते ओतले, मग काय झाले?

मी एका खेड्यात शाळेवर होतो, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या गावात गॅस्ट्रोची साथ आली. आमच्या गावचा पाणी सांभाळणारा माणूस घाबरला. माणूस भला होता, कामसू होता. त्याने विचार केला, औषध जास्त टाकले तर गुण जास्त येईल. त्याने पावडरीचे पोते उचलले आणि अर्धे विहिरीत ओतले. ना माप, ना कालवणे.

सकाळी बाया पाण्याला गेल्या. पाण्याला असा उग्र वास, की तोंडाजवळ नेववेना. एक आजी मला म्हणाली, "गुरुजी, पाण्याले लई वास येऊन राह्यला. पोरायले कसं पाजू?"

मग बायांनी काय केले? घागरी उचलल्या आणि नाल्यातल्या झिऱ्यावर गेल्या. झिऱ्याचे पाणी दिसायला नितळ होते. पण वरच्या अंगाला गुरे बसत, माणसेही परसाकडे जात. तीन-चार दिवसांत सात-आठ घरांत हगवण लागली. एका लहान मुलीचे डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. तिला बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. सलाईन लावले, म्हणून पोर वाचली.

आता सांगा, चुकले काय? विहीर होती, औषध होते, माणूसही कामाचा होता. चुकले ते माप.

पावडर काय काम करते?

या पावडरीत क्लोरीन असतो. तो चुन्याशी बांधलेला असतो. पाण्यात पडला, की मोकळा होतो आणि रोगाचे जंतू मारतो. चांगल्या, ताज्या पावडरीत 100 भागांत सुमारे 33 भाग उपयोगी क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, की तो उडून जातो. मग उरतो नुसता चुना. म्हणून जुनी पावडर डोळे मिटून वापरू नये.

जंतू मारून झाल्यावर थोडा क्लोरीन पाण्यात शिल्लक राहावा लागतो. तो शेतातल्या जागल्यासारखा असतो. नवी घाण आली, की तिच्याशी तो झुंजतो. मात्रा कमी पडली, तर जागल्या उरत नाही. मात्रा फार झाली, तर पाणी पिववत नाही आणि माणसे वाईट पाण्याकडे वळतात. दोन्हीकडे नुकसानच.

आधी पाणी मोजा

त्या प्रसंगानंतर मी सातवीच्या मुलांना विहिरीवर नेले. दोर घेतला, दोराला दगड बांधला. काठावर उभे राहून मी दगड पाण्याच्या तळाशी सोडला. दोर जेवढा भिजला, तेवढी पाण्याची खोली. ती 3 मीटर भरली. विहिरीची रुंदी मोजली, ती 4 मीटर भरली.

गोल विहिरीचा हिशेब सोपा आहे. रुंदीला रुंदीने गुणा. आलेल्या आकड्याला खोलीने गुणा. मग 785 ने गुणा. तेवढे लिटर पाणी समजा. आमच्या विहिरीचा हिशेब असा आला :

4 × 4 × 3 × 785 = 37,680 लिटर. म्हणजे सुमारे 38 हजार लिटर.

चांगली पावडर असेल, तर 1000 लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पावडर लागते. 38 हजार लिटरला सुमारे 95 ग्रॅम. पाहिलेत ना? जिथे शंभर ग्रॅमसुद्धा लागत नव्हते, तिथे आम्ही अर्धे पोते ओतले होते!

पावसाळ्यात विहीर भरते, उन्हाळ्यात आटते. म्हणून पाणी पुन्हा पुन्हा मोजावे. पावडरही तोलूनच घ्यावी. एका डबीत 100 ग्रॅम तोलून खूण करून ठेवावी. ती डबी दुसऱ्या कामाला वापरू नये.

कालवा, निवळू द्या, मग सोडा

तोललेली पावडर प्लास्टिकच्या बादलीत घ्या. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको. थोडे पाणी घालून पिठासारखी कालवा. गुठळी ठेवू नका. मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. पाच-दहा मिनिटे थांबा. चुना खाली बसेल. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. ती बादली दोराने विहिरीत सोडा आणि वरखाली, इकडेतिकडे हलवा. खालचा चुना विहिरीत टाकू नका.

हे काम रात्री, पाणी भरणे संपल्यावर करावे. निदान एक तास कोणी पाणी काढू नये. जंतू मरायला तेवढा वेळ लागतोच. साथ असेल, तर हे काम रोज करावे. पाणी गढूळ असेल, तर क्लोरीन गाळाशी झुंजण्यातच संपतो. म्हणून घरी पाणी गाळून, तुरटी फिरवून, उकळून घ्यावे.

एक तासाने पाणी तपासावे. गावच्या आरोग्य सेवकाकडे ओ.टी. नावाचे औषध असते. नळीत पाणी घेऊन त्यात ते थेंब टाकतात. पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर मात्रा कमी पडली, पुन्हा द्यावी. एका लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन विहिरीत उरला, तर काम झाले. तपासलेले पाणी पिऊ नये, फेकून द्यावे.

पोहण्याच्या तलावाचे काय?

उन्हाळ्यात पोरे विहिरीत उड्या मारतात. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो, तिच्यात पोहू देऊ नये. शहरात पोहण्यासाठी वेगळे तलाव असतात. मुंबईत दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा असा मोठा तलाव आहे. आपल्या गावची पोरे शहरात अशा तलावांवर कामालाही लागतात. त्यांनी हे नीट वाचावे.

50 मीटर लांब, 25 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल तलावात 25 लाख लिटर पाणी मावते. लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा, तर अडीच किलो शुद्ध क्लोरीन लागतो. तलावात लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम शिल्लक ठेवतात. पाणी सतत गाळतात आणि यंत्राने थोडा थोडा क्लोरीन सोडतात. माणसे पाण्यात असताना वरून पावडर फेकायची नसते. दिवसातून अनेकदा पाणी तपासायचे असते.

एक गंमत ऐका. तलावाला उग्र वास आला, डोळे चुरचुरले, की लोक म्हणतात, "औषध जास्त झाले." पुष्कळदा तसे नसते. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून तो वास येतो. म्हणून आधी अंग धुवावे, मगच तलावात उतरावे.

हे विसरू नका

पावडर कोरड्या जागी, झाकण लावून, मुलांपासून दूर ठेवा. खताजवळ किंवा संडास धुण्याच्या ॲसिडजवळ ठेवू नका. ॲसिड आणि ही पावडर एकत्र आली, की विषारी वायू सुटतो. 14 जुलै 2010 रोजी मुंबईत शिवडीजवळ पडून राहिलेल्या जुन्या नळकांड्यातून क्लोरीन वायू गळला. शंभराच्या आसपास माणसांचा श्वास कोंडला. त्यांना दवाखान्यात न्यावे लागले.

कालवताना नाकाला फडके बांधा. वारा पाठीशी घ्या. डोळ्यात उडाले, तर पंधरा मिनिटे साध्या पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जा.

आणखी एक. आपल्या राज्यात पाण्याच्या जागांची पाहणी होते. पाण्याच्या धोक्याप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा, "आपले कार्ड कोणत्या रंगाचे? विहीर कधी मोजली? काल पाणी तपासले का?"

आता तुम्हाला वाचता येते, गुणाकार येतो. मग आपल्या विहिरीचा हिशेब आपणच का करू नये? आजच दोराला दगड बांधा आणि विहिरीवर चला.