पत्ता नसलेल्या गावी फराळ

परदेशी तैनातीवरील भारतीय जवानापर्यंत घरचा सण पोहोचवण्याचे काम मुख्यतः लष्करी टपाल करते. पाकिटावर गावाचे नाव नसते. सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि पुढे ‘56 एपीओ’ किंवा ‘99 एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) एवढेच. ठावठिकाणा गुप्त राहावा हा त्यामागचा हेतू. रायपुरातल्या बहिणीने पाठवलेली राखी असो की साताऱ्याच्या आईचा फराळ, 56 एपीओची टपालपिशवी दिल्लीच्या आणि 99 एपीओची कोलकात्याच्या तळ टपालघरात जाते. पुढची वाट लष्कर ठरवते. अशा फराळात शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू बरे. अनारशांचा प्रवासात भुगाच होतो.

ही सोय जुनी आहे. 1953 मध्ये कोरियातील, 1962 मध्ये काँगोतील आणि 1965 मध्ये गाझातील भारतीय तुकड्यांसाठी भारतीय तिकिटांवर खास अक्षरे छापली गेली. गाझाच्या तिकिटावर नेहरूंचे चित्र होते. संग्राहक ती तिकिटे आजही शोधतात. सध्या दक्षिण सुदान, काँगो आणि लेबनॉन येथे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत भारतीय तुकड्या आहेत. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला तिथल्या छावण्यांतही तिरंगा फडकतो.