नाव बदललं म्हणजे काय बदललं?

'स्वतःला आहे तसं स्वीकारा' हा सल्ला हल्ली कुणीही कुणालाही देतं. तो नकुशी नावाच्या मुलीला देऊन पाहावा. मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली, की तिचं नाव नकुशी किंवा नकुसा, म्हणजे नकोशी, ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, असा समज. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्ह्यातल्या अशा २८५ मुलींचं जाहीर नामकरण झालं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. काहींनी तर नाव स्वतःच निवडलं.

यावर कुणी म्हणेल, नाव टाकणं म्हणजे स्वतःला नाकारणंच. आणि दगडू, धोंडू, केरू ही नावं तरी कुठे गोंडस होती? पण दगडूला दगडू म्हणायचे ते त्याला दृष्ट लागू नये, तो जगावा म्हणून. नकुशीच्या नावात तिच्यासाठी काहीच नव्हतं. ते पुढच्या मुलासाठी घातलेलं साकडं होतं. आपला तापटपणा, आळस, कच्चं गणित या आपल्या उणिवा. त्या कबूल केल्याशिवाय सुधारता येत नाहीत, म्हणून तिथे स्वीकार हवाच. मुलगी असणं ही मात्र उणीव नव्हे. ती उणीव नावातून दुसऱ्यांनी चिकटवलेली, आणि तीही हजेरीपटावर रोज पुकारली जाणारी. ती झटकणं हाच इथे स्वतःचा स्वीकार.

दुसरा आक्षेप जड आहे: समारंभाने समाज थोडाच बदलतो? शेजारच्या सांगली जिल्ह्यात २००१च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४चा. तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला गर्भपातात एका महिलेचा मृत्यू झाल्यानंतरच्या तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. साताऱ्याच्या नामकरणाला तेव्हा पाच वर्षं उलटून गेली होती. तेव्हा आक्षेप खराच आहे, पण त्याचा रोख चुकतो. सोनोग्राफीच्या खोलीतला गुन्हा थांबवणं हे यंत्रणेचं आणि कुटुंबाचं काम. ते झालं नाही म्हणून शाळकरी मुलीचं नवं नाव पोकळ ठरत नाही. तिच्या हाती आहे तेवढंच तिने बदललं. वहीवर ती सावित्री लिहील. आजी अंगणातून 'नकुशे' म्हणूनच बोलावत राहिली, तर कोणत्या हाकेला ओ द्यायची, हे आता तिने ठरवायचं.